व्हिसा लागत नाही, नाव लागतं

अन्याय झाला तो इंदिरा केशव लिमये यांच्यावर. १९५५ सालच्या फेब्रुवारीत, दुसऱ्या मंगळवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, कलकत्त्यात गार्डन रीचच्या अंगाला असलेल्या एका जेटीवर. साक्षीदार मी. आरोपींतही मी आहे, ते पुढे येईल.

सुरुवात अशी फाडकन का, असं संपादकांनी पत्रातून विचारलं. दिवाळी अंकाला शोभेल असं काहीतरी, नदीवरचं धुकं वगैरे, त्यांना हवं होतं. मला ते येत नाही. मी लिहायला शिकले ती आमच्या ऑफिसातल्या नोकरमंडळींची पत्रकं लिहून. पत्रकाची रीत अशी की वर कोणावर अन्याय झाला आणि कधी झाला ते लिहायचं, तळाशी वाचणारानं काय करायचं ते लिहायचं, आणि मध्ये जेवढा कागद उरेल तेवढ्यात बाकीचं बसवायचं. इथे कागद जरा जास्त मिळाला आहे, एवढंच.

एस्प्लनेडला ट्राम वळते तिथे, पहिल्या मजल्यावर, आमचं जहाजाच्या तिकिटांचं ऑफिस. मी तिथे सहा वर्षं काउंटरवर आहे. मराठी मुलगी, जन्म कलकत्त्याचा, बंगाली घरच्यासारखं बोलते, म्हणून घेतली. माझा जन्म झाला तेव्हा आजोबांना इथे येऊन वीस वर्षं झाली होती, तरी लोक विचारतात, "देश कुठला?" मी म्हणते, भवानीपूर.

काउंटरच्या वर एक पाटी आहे. पेनांग आणि सिंगापूरला सहलीला जाणाऱ्यांना व्हिसा लागत नाही. लंडनलाही नाही. पाटी खरी आहे. पण खऱ्या पाटीनं जेवढी माणसं बुडवली तेवढी खोट्या जाहिरातीनं बुडवली नसतील. कारण "व्हिसा लागत नाही" हे तीन शब्द वाचले की माणसाच्या डोक्यात पुढचं वाक्य आपोआप उगवतं: म्हणजे काहीच लागत नाही.

बडाबाजारातले एक शेठजी लंडनला निघाले होते. सगळं ठरलं. मी पासपोर्ट मागितला. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांचं जानवंच मागितलं.

"व्हिसा नहीं लगता ना?"

"नहीं लगता."

"तो पासपोर्ट किस बात का? व्हिसा तो पासपोर्ट पर ही लगता है. जब लगाना ही नहीं, तो कागज का क्या काम?"

तर्कशास्त्र बिनतोड होतं. मला उत्तर द्यायला पाच मिनिटं लागली आणि त्यांना ते अजून पटलेलं नाही.

दुसरे एक प्रोफेसर. इतिहासाचे, बंगाली, पेनांगला जावयाकडे निघालेले. सुईला घाबरायचे. कॉलऱ्याचं इंजेक्शन पुढे ढकलत ढकलत बोट सुटायच्या आदल्या दिवशी टोचून आले आणि दंड चोळत, विजयी मुद्रेनं आरोग्याचं पुस्तक माझ्यासमोर टाकलं. मी म्हटलं, मोशाय, हे सहा दिवसांनी लागू होतं. टोचल्यापासून सहा दिवस हे पुस्तक म्हणजे कोरा कागद. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "म्हणजे मी फुकट शूर झालो?"

हे सहा दिवस लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

तर, ज्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी. व्हिसा नसला तरी पासपोर्ट हवाच, आणि त्या पासपोर्टावर तुम्ही जाणार त्या देशाचं नाव लिहून आणलेलं हवं. नाहीतर तुमचा पासपोर्ट दुसऱ्याच देशांपुरता चांगला. परतीचं तिकीट हवं. ज्याच्याकडे उतरणार त्याचं पत्र हवं, म्हणजे तिथला अधिकारी समजतो की पाहुणा आहे, घर करायला आलेला नाही. आणि ते आरोग्याचं पुस्तक: देवीची लस आणि कॉलऱ्याचं इंजेक्शन, डॉक्टरची सही, तुमची सही, आणि आरोग्य खात्याचा मान्य शिक्का. व्हिसा असलेल्या माणसाचे कागद वकिलातीत एकदा कुणीतरी बघितलेले तरी असतात. बिनव्हिसाच्या माणसाचे कागद पहिल्यांदा बघितले जातात ते थेट जेटीवर. चूक निघाली तर मागे गोदी आणि पुढे पाणी.

म्हणून आमच्या हेडबाबूंनी एक रीत घालून दिली होती. हेडबाबू म्हणजे धोतर, काळा कोट, नाकावर चष्मा आणि तोंडात पान. तीस वर्षं याच खोलीत. प्रत्येक उतारूचे कागद दोन माणसांनी तपासायचे. एकानं पासपोर्ट हातात धरून नाव एकेका अक्षरानं मोठ्यानं म्हणायचं, दुसऱ्यानं बाकीच्या कागदांवर बोट ठेवून पेन्सिलीनं खूण करायची. वाचणारानं कागद बघायचे नाहीत, खूण करणारानं पासपोर्ट बघायचा नाही. दुपारी तीनला हे सुरू झालं की खोलीत मंत्रपुष्पांजलीचा घोष व्हायचा. मी हसायची. हेडबाबू म्हणायचे, "हसो दीदी, हसो. डोळे ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवतात. कान ठेवत नाहीत."

आता लिमयेकाकू.

काकू आमच्या गल्लीत तिसऱ्या घरात. वय पंचेचाळीसच्या आसपास, हळदीकुंकवाला सगळ्यांत आधी येऊन सगळ्यांत शेवटी जाणाऱ्या. त्यांची थोरली बहीण, अक्का, लढाईच्या आधी नवऱ्याबरोबर पेनांगला गेली. मग लढाई. काही वर्षं पत्रच नाही. नंतर पत्रं सुरू झाली, पण येणं झालं नाही, जाणंही झालं नाही. सतरा वर्षं दोघी बहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

आणि अक्काचे डोळे चालले होते. काचबिंदू. काकू मला पत्रं दाखवायच्या. आधीच्या पत्रांत एका पानावर वीस ओळी. मग बारा. मग सहा. शेवटच्या पत्रात पानभर पसरलेली, उतरत जाणारी, बोटाएवढी अक्षरं: लवकर ये. दिसतंय तोवर ये.

मीच त्यांना म्हटलं, काकू, पेनांगला व्हिसा लागत नाही, हां हां म्हणता पाठवते. आमच्या मराठी मंडळाच्या फळ्यावर मीच ठळक अक्षरांत पत्रक लावलं होतं: "मराठी बंधुभगिनींनो, समुद्रापलीकडच्या आप्तांना भेटा! व्हिसा लागत नाही!" दोन उद्गारचिन्हं. ती आजही डोळ्यांत खुपतात.

काकूंनी दोन महिने तयारी केली. गोडा मसाला डब्यात भरून त्याला फडकं शिवलं. अक्कासाठी नऊवारी लुगडं घेतलं. दुकानात मी बरोबर होते. काकूंनी उजेडात नेऊन नेऊन एकच लुगडं निवडलं, लाल. असा लाल की शेजारून जाणारी बाई थांबली.

मी म्हटलं, "काकू, अक्कांच्या वयाला जरा भडक नाही?"

"भडकच हवं," काकू म्हणाल्या. "फिकं तिला दिसणार नाही."

संक्रांतीला त्या माहेरी गेल्या. माहेर कलकत्त्यातच, दोन ट्राम पलीकडे. तिथे त्यांचा चुलतभाऊ डॉक्टर. त्यानं स्वयंपाकघरातच लस टोचली, इंजेक्शन दिलं, तिथल्या तिथे आरोग्याचं पुस्तक भरलं आणि स्वतः जाऊन शिक्का मारून आणला. सगळं बिनचूक. तारखा बरोबर, शिक्का बरोबर, सही बरोबर. नाव लिहिलं यमुना केशव लिमये.

कारण त्याच्या लेखी ती यमू. जन्मापासून. लग्नात सासरी तिचं नाव इंदिरा ठेवलं, पण माहेरच्या ओट्यावर इंदिरा नावाची बाई कधी बसलीच नव्हती. काकूंनीही खाली सही केली ती यमुना म्हणूनच. त्या घरात त्यांच्या हातून दुसरं नाव उतरलं नाही.

सोमवारी दुपारी त्या कागद घेऊन माझ्या काउंटरवर आल्या. मी पासपोर्ट पाहिला: इंदिरा. तिकीट: इंदिरा. आरोग्याचं पुस्तक: यमुना. तिन्ही नावं मी वाचली. डोळ्यांनी नीट वाचली. आणि मला काही वाटलं नाही! मंडळातल्या म्हाताऱ्या त्यांना यमे म्हणतात, मी त्यांना काकू म्हणते, दारावरच्या पाटीवर त्या सौ. इंदिरा. माझ्या आईलाही दोन नावं, मावशीलाही. आपल्याकडच्या कुठल्या बाईला नाहीत?

हेडबाबू पलीकडून म्हणाले, "आणा, मी वाचतो, तुम्ही खूण करा."

मी म्हटलं, "राहू द्या हो. ही आमची घरची माणसं."

त्या खोलीतल्या कुठल्याही बंगाली बाबूनं ती चूक अर्ध्या मिनिटात पकडली असती. ती सुटावी म्हणून तिथे नेमकी एक मराठी मुलगी बसलेली लागत होती.

मंगळवारी सकाळी जेटीवर काकू, केशवराव, मी, एक ट्रंक, मसाल्याचा डबा. बोट भरतीवर निघणार होती, दुपारी बाराच्या सुमाराला. हुगळीतून मोठी बोट बाहेर काढायची तर पाणी चढलेलं असताना काढावी लागते. पाणी कुणासाठी थांबत नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. आरोग्य तपासणीच्या टेबलाशी एक वयस्क बंगाली डॉक्टर बसले होते. त्यांनी पासपोर्ट उघडला, पुस्तक उघडलं, परत पासपोर्ट उघडला.

"यमुना कोण?"

"मीच," काकू म्हणाल्या.

"आणि इंदिरा?"

"तीही मीच."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "केशव लिमये कोण?"

केशवराव पुढे झाले.

"आपल्याला पत्नी किती?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. केशवराव म्हणजे शाळेत गणित शिकवणारा, आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस. ते म्हणाले, "एकच."

"कागदावर दोन आहेत. एकीला टोचलंय, आणि जहाजावर चालली आहे दुसरी."

मी मध्ये पडले. माझं भाषण सुरू झालं. लग्नात आमच्याकडे ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, हा रिवाज आहे, ही बाई एकच आहे, तुम्ही एका बहिणीला दुसऱ्या बहिणीपासून तोडताय, तिचे डोळे चाललेत, तुमच्या या पुस्तकाला माणसापेक्षा जास्त किंमत आहे का? सभेत टाळ्या पडल्या असत्या.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "आमच्याकडेही दोन नावं असतात, मा," ते मला म्हणाले. "घरातलं एक, बाहेरचं एक. पण घरातलं नाव घराचा उंबरा ओलांडत नाही. उद्या पेनांगचा अधिकारी विचारेल तेव्हा तांदळाचं ताट कोण दाखवणार? तो सगळ्या बोटीला रोगाचं पिवळं निशाण लावून तिला समुद्रात उभी करेल."

"मग आत्ता टोचा," मी म्हटलं. "इंदिरा नावानं टोचा."

"देवीची लस आजपासून धरता येईल. कॉलऱ्याचं?"

सहा दिवस. ते मला सांगायला नको होतं. मीच प्रोफेसरांना सांगितलं होतं.

"ज्यानं टोचलं त्या डॉक्टरला आणा," ते म्हणाले. "माझ्यासमोर त्यानं नाव दुरुस्त करून सही केली आणि ही तीच बाई म्हणून लिहून दिलं, तर मी सोडतो. साडेअकरापर्यंत."

पावणेदहा वाजले होते. मी टॅक्सी केली. जाताना रस्ता मोकळा मिळाला. चुलतभाऊ दवाखान्यात नव्हते, फेरीला गेले होते. कंपाउंडरनं तीन घरांची नावं सांगितली. पहिल्या घरातून नुकतेच निघाले होते. दुसऱ्या घरी पोचलेच नव्हते. तिसऱ्या घरी एका म्हाताऱ्याच्या छातीला नळी लावून बसले होते. मी त्यांना नळीसकट उठवलं. म्हातारा मागून ओरडत होता, "आमार की होबे?" तुझं काय होईल ते देव जाणे, बाबा, मला तेव्हा तेवढीही दया आली नाही.

अकरा वाजून पाच मिनिटांनी आम्ही गोदीपाशी पोचलो आणि समोरचा पूल उघडलेला. एक मालाची बोट गोदीत शिरत होती, अशा ऐटीत की जणू तिची वरात आहे. दोन्ही बाजूंना लॉऱ्या, बैलगाड्या, रिक्षा. मी टॅक्सीतून उतरून पुढे गेले, परत आले, परत पुढे गेले. डॉक्टरभाऊ टॅक्सीत बसून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "अगं, पण मी यमूला यमू नाही लिहायचं तर काय लिहायचं?" मी त्यांच्यावर खेकसले. आता वाटतं, त्यांचा प्रश्न बरोबर होता.

पूल बंद झाला तेव्हा पावणेबारा झाले होते. जेटीवर पोचलो तेव्हा बोटीची शिडी काढली होती. बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची एक पट्टी होती, धोतराच्या काठाएवढी. मग लुगड्याच्या पदराएवढी. मग नदी.

काकू ट्रंकेवर बसल्या होत्या, मांडीवर मसाल्याचा डबा. रडत नव्हत्या. त्यांच्या शेजारी केशवराव उभे होते. ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "नाव मी सुचवलं होतं. यमुना मला जुनाट वाटलं. इंदिरा कसं, नव्या जमान्याचं."

काकू म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर यमुनाच ठेवा म्हटलं असतं."

पंचवीस वर्षांच्या संसारात हे बोलणं पहिल्यांदा झालं. जेटीवर.

पुढची बोट पाच आठवड्यांनी. या वेळी हेडबाबूंनी स्वतः पासपोर्ट हातात धरला आणि नाव एकेका अक्षरानं वाचलं, मी खुणा केल्या. माझ्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

एप्रिलच्या शेवटी पेनांगहून काकूंचं पत्र आलं. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे.

अक्का बंदरावर आली होती, नवऱ्याचा हात धरून. काकू समोर उभ्या राहिल्या तरी ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. काकू "अक्का" म्हणाल्या, तेव्हा ती म्हणाली, "यमे, आलीस?" जेटीवर ज्या नावाला कुणी ओळखलं नाही, त्याच नावानं. मग घरी गेल्यावर काकूंनी लुगडं उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. अक्कानं हात फिरवला, काठ चाचपला आणि म्हणाली, "किती छान. हिरवं ना गं?" काकूंनी लिहिलं आहे, "मी हो म्हटलं."

आणि त्याखाली एक ओळ. मेव्हण्यांनी सांगितलं की फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत अक्काला माणसं दिसत होती. धूसर, पण दिसत होती. मग महिन्याभरात गेलं.

हिशेब तुम्हीच करा. मी केला आहे, रोज करते. पहिली बोट पेनांगला फेब्रुवारीतच पोचली होती.

मी त्या जेटीवरच्या डॉक्टरांविरुद्ध पत्रक लिहायला बसले होते. तीन मसुदे झाले. तिन्ही फाडले. तो माणूस नियमानं वागला, आणि वर पावणेदोन तास दिले. मग मी ऑफिसविरुद्ध लिहायला घेतलं, पण ऑफिसची रीत मीच मोडली होती. शेवटी आमच्या घरात जे आनंदानं, सनई लावून, पेढे वाटून केलं जातं, त्याच्यापाशी येऊन पेन थांबलं. एका बाईचं वीस वर्षांचं नाव तांदळात पुसून टाकायचं आणि त्याला कौतुक म्हणायचं. नवऱ्यानं उखाण्याच्या आवाजात नवं नाव सांगायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. तिला विचारायचं नाही. मग एक दिवस सरकारी टेबलामागचा परका माणूस विचारतो, यातली खरी कोण, आणि उत्तर द्यायला तिथे कुणी नसतं.

गेल्या वैशाखात माझं लग्न झालं. ताट आलं. तांदूळ पसरले. सासूबाईंनी नाव ठरवलेलं होतं, चांगलं होतं, मी नावं ठेवत नाही. मी म्हटलं, "सासूबाई, माझ्या आरोग्याच्या पुस्तकावर कुसुम आहे." त्यांना वाटलं मी थट्टा करते. माझ्या आईनं मान खाली घातली. मी परत म्हटलं. नवऱ्यानं अंगठी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि तांदळात लिहिलं, कुसुम. आत्या रागावून जेवायला बसल्या नाहीत. संध्याकाळी जेवल्या.

हेडबाबू आता काउंटरवर आलेल्या प्रत्येक मराठी बाईला पान बाजूला सारून आधी विचारतात, "दीदी, लग्नाच्या आधी आपण कोण होता?" बायका दचकतात. काही जणी लाजतात. एकदा एक साठीच्या आजी म्हणाल्या, "थांबा, आठवते."

आता तळाचा मजकूर, पत्रकाच्या रीतीप्रमाणे. हा अंक बाजूला ठेवा. आईला, बायकोला, वहिनीला हाक मारून विचारा, तुझं पहिलं नाव काय होतं. घरातले सगळे कागद काढा, रेशनकार्डापासून आरोग्याच्या पुस्तकापर्यंत, आणि एकानं वाचून, दुसऱ्यानं बोट ठेवून, एकेक नाव ताडून बघा. घरचं माणूस आहे म्हणून सोडू नका. आणि येत्या मुहूर्ताला तुमच्या मांडवात ते ताट पुढे आलं, तर नवरीला विचारा. तिनं नको म्हटलं, तर ते तांदूळ उचला, पातेल्यात ओता आणि त्यांचा भात करा.